मेळ लागेपर्यंतचा वेळ

पैसे तारेनं पाठवायची पद्धत बँकेतल्या आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना ती पुराणातली वाटते. मी १९८२ साली सोलापुरात एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागले, तेव्हा ते रोजचं काम होतं. चाटी गल्लीतला कापडाचा व्यापारी सकाळी काउंटरवर यायचा आणि म्हणायचा, "बाई, मुंबईला मूळजी जेठा मार्केटात दुपारच्या आत पन्नास हजार पोचले पाहिजेत." आम्ही टी.टी.चा फॉर्म भरून घ्यायचो, पैसे जमा करायचो आणि मुंबईच्या शाखेला तार जायची. त्या तारेत एक आकडा असायचा, टेस्ट नंबर. शाखेचा एक ठरलेला आकडा, महिन्याचा एक, तारखेचा एक, रकमेतल्या हजार-शेकड्यांचे वेगळे आकडे आणि त्या शाखेशी चालू असलेला अनुक्रमांक, या सगळ्यांची बेरीज म्हणजे टेस्ट नंबर. हे आकडे ज्या कोड बुकात असत ते अधिकाऱ्याच्या ताब्यात, कुलपात. मुंबईचा अधिकारी आपल्याकडचं कोड बुक काढून तीच बेरीज करायचा. जुळली तर पैसे द्यायचे. एकाचा फरक आला तरी पैसे थांबायचे आणि उलट तार यायची. वाटेत कुणी तार वाचली तरी त्याच्या हाती काही लागत नसे, आणि रकमेत कुणी एक शून्य वाढवलं तर बेरीज मोडायची.

एवढी काळजी पैसे निघताना. पण बँकेची खरी राखण संध्याकाळी व्हायची. रोजकीर्द लिहून झाली, कॅशियरची शिल्लक स्क्रोलशी जुळली, व्हाउचरं तपासून झाली, की मेळ घालायचा. नावे आणि जमा एक झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. पाच रुपयांचा फरक असला तरी शोधायचा. आमचे एक हेडक्लार्क फरकाला नऊनं भाग जातो का ते आधी बघायचे. भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिले गेलेत, ५४ च्या जागी ४५ झालेत, असा त्यांचा निष्कर्ष असायचा आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. पुढे माझी बदली पुण्याला झाली आणि निवृत्त होईपर्यंत मी रिकन्सिलिएशनमध्येच राहिले. आमच्याकडे त्याला रेको म्हणतात. बँकांवरच्या सायबर हल्ल्यांबद्दल मी इथे लिहिते आहे ती या खुर्चीवरून. संगणकातलं कुलूप कसं फोडलं हे तज्ज्ञ सांगतील. मला दिसतं ते एवढंच, की पैसे बाहेर पडले ती वेळ आणि मेळ न लागल्याचं कुणाच्या तरी ध्यानात आलं ती वेळ, या दोन वेळांच्या मधल्या जागेत चोर वावरतो. गेल्या चाळीस वर्षांत त्याची हत्यारं बदलत गेली, जागा तीच राहिली.

ही जागा संगणकानं निर्माण केली असं मात्र कुणी समजू नये. शाखाशाखांमधल्या व्यवहारांचा मेळ तेव्हा महिनोन्महिने मागे असायचा. एका गावात काढलेला डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या गावात वटायचा आणि दोन्हीकडचे कागद मुख्य कचेरीत कधी तरी एकत्र यायचे. बनावट ड्राफ्टवाल्यांचं सगळं आयुष्य त्या 'कधी तरी'वर चालायचं. १९९२ चा रोखे घोटाळा याच जागेतला, फक्त फार मोठ्या मापाचा. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकायच्या आणि रोख्यांऐवजी बँक रिसीट नावाची पावती द्यायच्या. बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी दिलेल्या कित्येक पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या ज्या कचेरीत रोख्यांची खाती होती तिथली खतावणी हातानं लिहिली जायची आणि तिचा बँकांच्या पुस्तकांशी वेळेवर ताळा होत नव्हता. जानकीरामन समितीनं घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींच्या वर नेला. त्यात संगणकाचा काही संबंध नव्हता. साध्या कागदावर, मेळ लागायच्या आधी, सगळं उरकलं होतं. बँक ऑफ कराड त्यात बुडाली.

संगणक आला तो संघटनांशी करार करून, १९८३ नंतर, हळूहळू. बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. शाखेत आधी लेजर पोस्टिंग मशीन आली, त्यांच्याकडे आम्ही थोडं धसक्यानंच बघत असू. देशातलं पहिलं एटीएम मुंबईत एचएसबीसीनं १९८७ साली लावलं. कोअर बँकिंग दोन हजार सालानंतरचं. कोअर बँकिंगनं एक मोठं काम केलं, शाखाशाखांमधला तो जुना मेळ मिटवून टाकला. सगळी खाती एकाच जागी आली. ज्यांनी ड्राफ्टच्या अहवालांवर डोळे फोडले आहेत त्यांनाच त्याचं मोल कळेल. पण त्याच वेळी पैसे देण्याचा होकार माणसाकडून यंत्राकडे गेला. खिडकीतला पासिंग ऑफिसर नमुना सहीचं कार्ड काढून बघायचा, त्याची जागा एका सर्व्हरनं घेतली. इथून पुढचा इतिहास त्या होकाराभोवती फिरतो.

पहिली गाजलेली घटना पुण्यातलीच आहे आणि तिच्यात एकही यंत्र फोडलेलं नव्हतं. २००५ च्या एप्रिलमध्ये एम्फसिस या कंपनीच्या पुण्यातल्या कॉल सेंटरमधली काही मुलं पकडली गेली. अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांशी ती फोनवर बोलत. गोड बोलून त्यांनी काही ग्राहकांकडून पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खात्यांत वळवली. ग्राहकांनी स्टेटमेंट बघून तक्रारी केल्या तेव्हा उलगडा झाला. म्हणजे मेळ घातला तो ग्राहकानं. रिझर्व्ह बँकेनं पुढे याच दिशेनं दोन फार शहाणे निर्णय घेतले असं मी मानते. १ ऑगस्ट २००९ पासून कार्डानं ऑनलाइन खरेदी करताना कार्डावर न छापलेली आणखी एक खूण देणं सक्तीचं झालं. आणि २०११ मध्ये कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस, रक्कम कितीही लहान असो, पाठवणं बँकांना बंधनकारक झालं. त्या एसएमएसनं देशातला प्रत्येक खातेदार रेकोला बसवला. आमच्या खात्यात रात्री काम करणारं कुणी नव्हतं, ग्राहक मात्र रात्री अकरा वाजतासुद्धा ओरडून सांगू लागला की हे पैसे मी काढलेले नाहीत.

आता २०१६ कडे येते, कारण त्या वर्षानं आमच्यासारख्यांची झोप उडवली. ४ फेब्रुवारी, गुरुवारची रात्र. ढाक्यातल्या बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या, स्विफ्ट यंत्रणेतून, म्हणजे बँकाबँकांमध्ये पैशांचे आदेश पोचवणाऱ्या जाळ्यातून, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला ३५ आदेश गेले. एकूण रक्कम ९५ कोटी डॉलर. आदेश सगळे रीतसर, कारण शिरकाव केलेल्यांनी बँकेचेच पासवर्ड वापरले होते. दिवस कसा निवडला होता ते बघण्यासारखं आहे. शुक्रवारी ढाक्यात सुट्टी. शनिवार-रविवार न्यूयॉर्क बंद. सोमवारी ८ तारखेला चिनी नववर्ष, म्हणून मनिला बंद. आणि बहुतेक पैसे जायचे होते मनिलातच, आरसीबीसी बँकेच्या जुपिटर स्ट्रीट शाखेतल्या खात्यांवर.

स्विफ्टच्या प्रत्येक संदेशाची प्रत आपोआप छापणारा एक प्रिंटर ढाक्याच्या त्या कचेरीत होता. तो बंद पाडलेला होता. प्रिंटर बिघडणं ही कुठल्याही बँकेत रोजची गोष्ट, त्यामुळे सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात तो प्रिंटर सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैसे काढायला पासवर्ड पुरेसा होता. प्रिंटर बंद पाडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन कागद उचलणाऱ्या, एकेका ओळीवर टिकमार्क करणाऱ्या माणसासाठी. ज्यानं ही चोरी रचली त्याला ठाऊक होतं की आपला शत्रू तो कारकून आहे.

बहुतेक आदेश फेडनं शंका येऊन रोखले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर इंग्रजीतल्या 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकल्यामुळे अडले आणि परत आले. मनिलाला पोचलेले आठ कोटी दहा लाख डॉलर मात्र जुगारघरांच्या वाटेनं गेले आणि त्यातला थोडाच भाग हाती लागला. ढाक्याहून 'पैसे थांबवा' असा निरोप गेला, तो सुट्टीमुळे मनिलाच्या शाखेत पडून राहिला आणि शाखा उघडल्यावर पैसे निघाले. गव्हर्नर अतिउर रहमान यांना राजीनामा द्यावा लागला.

त्याच वर्षी जुलैत आपल्या युनियन बँकेवर तशीच वेळ आली. एका कर्मचाऱ्यानं रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखी दिसणारी ई-मेल उघडली आणि तिथून आत शिरलेल्यांनी परदेशातल्या खात्यांवर १७ कोटी १० लाख डॉलर पाठवायचे आदेश दिले. सकाळी नोस्ट्रो खात्याचा, म्हणजे परदेशी बँकेत आपल्या बँकेचं जे खातं असतं त्याचा, मेळ घालताना रकमा जुळेनात. एका रात्रीत ध्यानात आलं म्हणून सगळे पैसे परत आले. ही बातमी चार दिवसांत विसरली गेली याचं मला आजही वाईट वाटतं. मनिलातले पैसे गेले आणि युनियन बँकेचे परत आले, या दोन्हींतला मोठा फरक रोजच्या रोज, सकाळच्या सकाळी घातलेल्या मेळाचा होता. २०१८ च्या फेब्रुवारीत कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेतून जवळजवळ २० लाख डॉलरचे तीन बनावट आदेश गेले. तेही रेकोमध्येच सापडले, आणि प्रिंटर तिथेही बंद पाडलेला होता.

त्याच महिन्यात पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण फुटलं. मुंबईत फोर्टच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्टवर हमीपत्रं जात होती आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच होत नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. वर्षानुवर्षं चाललेला तो कारभार बाहेरच्या हॅकरनं केलेला नव्हता, घरातल्याच माणसांनी केला होता. ज्या व्यवहाराला दुसरी बाजूच नाही त्याचा मेळ कोण आणि कसा घालणार? नंतर रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडायची मुदत घालून दिली.

आणि मग पुणे. कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, देशातल्या सर्वांत जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. तिचं मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, बँकांना सुट्टीचा. त्या दुपारनंतर काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांनी ७८ कोटी रुपये निघाले, सुमारे बारा हजार व्यवहारांत. देशातल्या देशात रुपे कार्डांवर अडीच कोटी, त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर आणखी १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

हे कसं घडलं ते रेकोच्या माणसाला चटकन कळतं. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र आपल्या बँकेच्या स्विचला विचारतं, देऊ का? स्विच कोअर बँकिंगला विचारतो, खात्यात शिल्लक आहे का? तिथून उत्तर येतं आणि नोटा बाहेर पडतात. कॉसमॉसमध्ये चोरांनी खऱ्या स्विचच्या आड एक खोटा स्विच उभा केला. बाहेरून आलेला प्रश्न तो मधल्या मधे अडवायचा आणि स्वतःच 'द्या' म्हणून सांगायचा. कोअर बँकिंगपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. त्यामुळे एकाही खातेदाराच्या खात्यातून पैसे वजा झाले नाहीत. ऐकायला ते दिलासा देणारं आहे, पण मी ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. खात्यातून पैसे गेले नाहीत, म्हणून एसएमएस गेले नाहीत. एसएमएस गेले नाहीत, म्हणून ओरडायला कुणी नव्हतं. २०११ पासून उभी राहिलेली लाखो ग्राहकांची राखण एका खोट्या होकारानं बाजूला केली गेली, आणि बँकेतली माणसं सुट्टीवर. उरला तो कार्डजाळ्याकडून येणारा हिशेब, आणि तो यायच्या आत नोटा निघून गेल्या होत्या. एटीएम दुसऱ्या बँकांची होती, त्यांचे पैसे भागवायचे कॉसमॉसनं.

एटीएमचा मेळ तीन कागदांचा असतो. यंत्रात उमटलेला जर्नल, त्याला आम्ही ईजे म्हणतो. स्विचचा अहवाल. आणि कोअर बँकिंगमधलं जनरल लेजर. तिन्ही एकमेकांशेजारी ठेवले तर स्विचनं 'दिले' म्हटलेला आणि लेजरमध्ये नसलेला व्यवहार पहिल्याच पानावर उठून दिसतो. पण हा मेळ बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीचा असतो, आणि सुट्टी असली तर तिसऱ्या-चौथ्या. आम्हीही शनिवारचे अहवाल सोमवारी उघडत असू. तशी रीतच होती.

त्या आठवड्यात माझ्या वन्संचा फोन आला. त्यांची ठेव दुसऱ्याच एका सहकारी बँकेत आहे, तरी घाबरल्या होत्या. "वहिनी, सगळं काढून सरकारी बँकेत टाकू का?" मी त्यांना नको म्हटलं, आणि त्यामागे विचार होता. ढाक्यातली मध्यवर्ती बँक सरकारीच होती. प्रश्न मालकीचा नव्हता, रात्री आणि सुट्टीत आकड्यांवर कुणाची नजर आहे याचा होता. लहान सहकारी बँकांचं दुखणं इथेच आहे. सात-आठ शाखांच्या बँकेला चोवीस तास पाळत ठेवणारा विभाग परवडत नाही, म्हणून ती स्विच आणि कोअर बँकिंग बाहेरच्या कंपनीकडे सोपवते. ३१ जुलै २०२४ ला अशाच एका कंपनीवर, सी-एज टेक्नॉलॉजीजवर, खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे किरकोळ व्यवहार एका संध्याकाळी थांबले. राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं त्यांना जाळ्यापासून तोडलं, दुसऱ्या दिवशी तपासून परत जोडलं. तोडलं हे योग्यच केलं. टेस्ट नंबर जुळत नसेल तर पैसे थांबवायचे, हाच तो सोलापूरचा नियम.

कॉसमॉसच्या गुन्ह्यात २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. बनावट कार्डं घेऊन एटीएमपुढे उभी राहिलेली ती माणसं होती. खोटा स्विच उभा करणारे त्यांच्यात नव्हते. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी काही कोटी पोलिसांनी तिथल्या बँकेत गोठवून घेतले आणि परत आणले, याचं श्रेय पुणे पोलिसांना द्यायलाच हवं. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेची पहिली चौकट आणली आणि पुढच्या वर्षाअखेर बँकेच्या कामाच्या पसाऱ्याप्रमाणे चार पायऱ्या ठरवल्या.

आता चोरांनी जी वाट धरली आहे तिच्यापुढे माझा सगळा अनुभव थोटा पडतो. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली एखाद्या निवृत्त शिक्षकाला दिवसभर कॅमेऱ्यापुढे बसवून ठेवतात, पोलिसाचा वेश केलेला माणूस त्याला धमकावतो आणि तो शिक्षक स्वतःच्या हातानं, स्वतःच्या ओटीपीनं, जन्मभराची पुंजी पाठवून देतो. व्यवहार खरा, सही खरी, एसएमएस खरा. संध्याकाळी मेळ पैशापैशानं लागतो. रेकोला त्यात काहीच सापडत नाही. जो ग्राहक पूर्वी ओरडून सांगायचा, त्यालाच गप्प बसवलेलं असतं. अशा माणसाला 'तुम्हाला कळलं कसं नाही' असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. पासवर्ड आणि प्रिंटर दोन्ही ताब्यात घेतल्यावर एक मध्यवर्ती बँक चार दिवस काही करू शकली नाही, मग घरात एकट्यानं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून काय अपेक्षा करायची?

पैसे मग भाड्याच्या खात्यांत जातात. कुणा गरजू मुलाचं खातं चार-दोन हजार देऊन वापरायला घेतलेलं असतं. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात, मिनिटामिनिटाला. १९३० या क्रमांकावर तक्रार गेली की त्या साखळीतल्या बँका पैसे पुढे सरकायच्या आत ते खात्यातच अडवायचा प्रयत्न करतात. ही सोय २०२१ पासूनची आहे आणि ती मनापासून राबवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण सगळं पहिल्या काही तासांवर अवलंबून असतं.

म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे एक मागणी करत असते, ज्येष्ठ नागरिक संघात, बँकेच्या ग्राहक सभेत, जुन्या सहकाऱ्यांपुढे. साठीच्या पुढच्या खातेदारानं नव्या खात्यावर पहिल्यांदाच मोठी रक्कम पाठवली तर ती चोवीस तास थांबवून ठेवा, आणि शाखेतल्या माणसानं त्याला फोन करावा. ज्यांना पैसे झटपट पोचवायची सवय लागली आहे त्यांना हे मागासलेलं वाटतं. एका तरुण मॅनेजरनं मला विचारलं, "मॅडम, ग्राहक चिडतील त्याचं काय?" मी त्यांना म्हटलं, चिडू देत. चाटी गल्लीतला तो व्यापारीसुद्धा तार परत आली की चिडायचा, तासाभरानं पैसे पोचल्याचं कळलं की चहा पाठवायचा. त्यांनी मागणी लेखी द्यायला सांगितली. ती मी दिली आहे, खाली आणखी काही खातेदारांच्या सह्या घेऊन.